ठशावरून घराणे



उज्जैन नगरीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ नावाची वस्ती आहे. यात्रेकरूंना ती कालभैरवाच्या देवळामुळे आणि सिद्धवटामुळे परिचित असते. वस्त्रांच्या शौकिनांना ती तेथील छपाईमुळे ठाऊक असते. लाकडी ठसे रंगात बुडवून कापडावर उमटवण्याचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि मेण लावून केलेल्या तेथील बाटिक कामास 2023 साली 'उज्जैन बाटिक' या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले.

लाकडी ठशाची एक गंमत अशी, की त्यास कोठे बारीकशी खोक पडली, तर ती त्या ठशाने छापलेल्या प्रत्येक वस्त्रावर जशीच्या तशी उमटते. दोन निरनिराळ्या घरांतल्या दोन चादरींवर एकाच पाकळीचे टोक एकाच जागी तुटलेले दिसले, तर त्या दोन्ही एकाच ठशाच्या लेकी आहेत, हे सांगावयास कारागिराला विचारण्याची गरज नाही. समान नक्षी पाहून नव्हे, तर समान दोष पाहून घराणे ओळखता येते. तेथून जवळच, सिद्धवटाच्या घाटावर, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या वंशावळी लिहून ठेवलेल्या असतात. एकूण काय, हा कोणाचा कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे दोन मार्ग या एकाच वस्तीत नांदतात: एक वहीचा आणि दुसरा ठशाचा.

वही नसेल तेव्हा ठशावरूनच घराणे ओळखावे लागते. आज मी ज्या विषयासंबंधी बोलणार आहे, त्यात नेमके हेच घडले. एका विषाणूची वही कोणापाशीही नव्हती. त्यास कोणी पाहिले नव्हते, प्रयोगशाळेत कोणाला वाढवता आले नव्हते. होती ती केवळ अक्षरांची एक माळ. त्या माळेवरून त्याचे घराणे, त्याचा स्वभाव आणि अखेर त्याचे मर्मस्थान कसे शोधले गेले, त्याचा हा इतिहास आहे.

कावीळ हा आपल्याकडील फार जुना परिचयाचा रोग. त्याचे एक कारण विषाणू असतात, आणि ते एकाहून अधिक आहेत, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्पष्ट झाले. बारुच ब्लुम्बर्ग यांना 1965 च्या सुमारास रक्तात एक अनोळखी द्रव्य सापडले आणि त्यावरून 'बी' प्रकारच्या काविळीचा विषाणू उघड झाला. दूषित अन्नपाण्यातून येणाऱ्या 'ए' प्रकाराचा विषाणू 1973 साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आता काविळीचे कोडे सुटले, असे वाटत असतानाच 1975 साली अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की रक्त घेतल्यानंतर ज्यांना कावीळ होते, अशा पुष्कळ रुग्णांत ना 'ए' सापडतो, ना 'बी'. या रोगास नाव मिळाले तेही नकाराचेच: 'ए नव्हे, बी नव्हे'.

या नकारात दोन स्वतंत्र रोग दडलेले होते, हे पुढे कळले, आणि त्यांपैकी एकाच्या शोधात पुण्याचाही वाटा आहे. दिल्लीत 1955 साली पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती. त्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती साथ 'ए' विषाणूची नव्हती, असा पुरावा दिला. पाण्यातून पसरणारा तो निराळा विषाणू आज 'ई' म्हणून ओळखला जातो. रक्तातून पसरणारा दुसरा मात्र अद्याप निनावीच होता.

त्यास नाव मिळाले 1989 साली, आणि ते ज्या रीतीने मिळाले ती रीत वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व होती. कॅलिफोर्नियातील एका संस्थेत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि त्यांच्यासह डॅनियल ब्रॅडली यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातून जनुकद्रव्याचे लक्षावधी तुकडे वेगळे केले. त्या तुकड्यांपासून तयार होणाऱ्या प्रथिनांना रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे ओळखतात का, हे एकेक करून पाहिले. वर्षानुवर्षे हाती काही लागले नाही. शेवटी एक तुकडा ओळखला गेला. त्याच्या आधारे पुढचे-मागचे तुकडे जोडत संपूर्ण संहिता वाचण्यात आली. हाच हेपॅटायटिस 'सी'. विषाणू आधी पाहावा, वाढवावा आणि मग त्याचा अभ्यास करावा, हा तोपर्यंतचा शिरस्ता. येथे विषाणू दिसण्याआधी त्याची अक्षरे हाती आली. प्रयोगशाळेतील पेशींत त्याची समाधानकारक वाढ करणे तर 2005 साली साधले. म्हणजे तब्बल सोळा वर्षे या शत्रूला जग ओळखत होते ते मुख्यतः त्याच्या लेखनावरून.

हे लेखन कसे असते? विषाणूच्या आरएनए नामक धाग्यावर चार अक्षरांत लिहिलेला सुमारे 9,600 अक्षरांचा मजकूर असतो. त्यावरून सुमारे 3,000 अमिनो आम्लांची एक अखंड साखळी बनते, आणि तिचे तुकडे पडून दहा प्रथिने तयार होतात. काही प्रथिने विषाणूचे कवच बनतात, काही साखळी कापणाऱ्या कात्रीचे काम करतात, तर एक प्रथिन मूळ मजकुराच्या नव्या प्रती लिहिते. अमिनो आम्ले वीस; म्हणजे प्रथिनांची लिपी वीस अक्षरांची. एवढी अक्षरे समोर असली, तरी त्यांतून अर्थ कसा काढावयाचा, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाची तयारी आधीच होऊन राहिली होती. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषीने 1965 साली त्या वेळी ज्ञात असलेल्या 65 प्रथिनांच्या अक्षरमाळा एका ग्रंथात एकत्र छापल्या, आणि संगणकाच्या साह्याने त्या परस्परांशी ताडून पाहण्याचा मार्ग घालून दिला. आपल्या देशात मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी 1963 साली प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, याचे गणित मांडले होते. अक्षरांची तुलना आणि आकाराचे गणित या दोन प्रवाहांच्या संगमातून जी विद्या उभी राहिली, तिला आज जैवमाहितीशास्त्र म्हणतात.

नाव नवे असले, तरी तिच्यातील तुलनेची पद्धत मराठी वाचकास अनोळखी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ झाला. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तिला शिस्त लावली, आणि 1966 साली ते कार्य पूर्ण झाले. त्यासाठी 1,259 हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी, जिथे एकमेकींशी संबंध नसता एकच पाठ देतात, तिथे तो पाठ मूळचा. आणि दोन पोथ्यांत एकच चूक असेल, तर त्या एकाच पोथीवरून उतरलेल्या. चुकीवरून वंश आणि ऐक्यावरून मूळ: भैरवगढच्या ठशाचाच हा न्याय. विषाणूच्या अभ्यासकांनी संगणकावर केले ते हेच.

परंतु पोथीत आणि विषाणूत एक मोठा भेद आहे. लेखकू चुकला तरी चुकलेली पोथी जगते. कपाटात पडून राहते, कोणी तिची नक्कलही करतो. विषाणूची प्रत मोक्याच्या अक्षरात चुकली, तर त्याची संतती जगतच नाही. म्हणून असंख्य पिढ्यांनंतरही जे अक्षर एकाही शाखेत बदललेले नाही, ते केवळ जुने आहे असे नव्हे. त्यावाचून विषाणूचे चालत नाही, असा त्याचा अर्थ होतो. ज्याच्यावाचून शत्रूचे चालत नाही, तेच त्याचे मर्मस्थान.

या दृष्टीने पाहता काय आढळले? कामर आणि आर्गोस या संशोधकांनी 1984 सालीच वनस्पतींचे, प्राण्यांचे आणि जिवाणूंचे विषाणू ताडून दाखवले होते, की आरएनएची प्रत लिहिणाऱ्या त्यांच्या प्रथिनांत तीन अक्षरे सतत एकत्र येतात: एक ग्लायसीन आणि त्यापाठोपाठ दोन ॲस्पार्टिक आम्ले. जणू एकाच ठशाची ती खूण. 'सी' विषाणूची संहिता हाती येताच तीत ही त्रयी सापडली, आणि दहा प्रथिनांपैकी प्रत लिहिणारे कोणते, याचा उलगडा झाला. 1990 साली मिलर आणि पर्सेल यांनी दाखवले, की हा विषाणू पीतज्वराच्या विषाणूचा आणि गुराढोरांना व डुकरांना होणाऱ्या काही रोगांच्या विषाणूंचा दूरचा आप्त आहे; इतकेच नव्हे, तर वनस्पतींच्या काही विषाणूंशीही त्याचे लागेबांधे आहेत. माणसाच्या यकृतात घर करणारा हा चोर आणि शेतातल्या पिकाला ग्रासणारा रोग यांचे नाते जुळावे, ही गोष्ट विस्मयकारक खरी. पण ती कल्पनेची नव्हे, अक्षरांची साक्ष होती.

नाते कळले, की स्वभावाचा अदमास येतो. भाऊबंदांच्या प्रथिनांशी ताडून असे अनुमान निघाले, की 'सी' विषाणूच्या एका प्रथिनात साखळी कापणारी कात्री असावी. 1993 च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी ते अनुमान प्रत्यक्ष प्रयोगाने खरे ठरवले. 1996 साली तिची त्रिमिती आकृती स्फटिकांच्या अभ्यासातून हाती आली, आणि तिच्या दातांत अडकेल असा अडसर घडवण्याच्या मागे रसायनशास्त्रज्ञ लागले. त्यांतील पहिली दोन औषधे 2011 साली रुग्णांपर्यंत पोचली. प्रत लिहिणाऱ्या प्रथिनावर तर याहून मार्मिक उपाय निघाला. 2013 साली मान्यता मिळालेले सोफोसबुविर हे औषध शरीरात गेल्यावर एका खोट्या अक्षराचे रूप घेते. विषाणूचा लेखनिक ते खरे समजून उचलतो, आपल्या ओळीत बसवतो, आणि ओळ तेथेच तुटते. जी जागा विषाणूला बदलता येत नाही, तीवरच हा घाव असल्याने त्याच्या निरनिराळ्या शाखांवर तो लागू पडतो. अशा औषधांच्या साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी आज शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या विषाणूच्या शोधासाठी. ही औषधे संगणकाने घडवली, असे मात्र कोणी समजू नये. ती प्रयोगशाळेत घासून, तपासून, असंख्य द्रव्ये टाकून देऊन तयार झाली. घाव कोठे घालावा, हे सांगण्यात अक्षरवाचनाचा हात होता, इतकेच.

आता या कथेतील पुण्याच्या प्रकरणाकडे वळतो. पुणे विद्यापीठात 1987 साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळसकर यांनी पूर्वी रामचंद्रन यांच्यासमवेत प्रथिनांच्या घडणीवर काम केले होते. त्या दोघांचा एक निबंध 1973 साली प्रसिद्ध झालेला आहे. 1990 च्या अखेरीस, म्हणजे 'सी' विषाणूचा शोध लागल्यावर दीड-दोन वर्षांतच, कोळसकर आणि टोणगावकर यांनी तीन पानांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधाच होता: एखाद्या प्रथिनाची केवळ अक्षरे दिली, तर त्यातील कोणता भाग शरीराची संरक्षक यंत्रणा ओळखील, हे आधी सांगता येईल काय? लस बनवू पाहणाराला आणि रोगनिदानाची चाचणी करणाराला हे कळणे फार मोलाचे असते.

प्रथिनाचे पाण्यात रमणारे भाग पृष्ठभागावर असतात, म्हणून तेच ओळखले जात असतील, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत. पुण्याच्या या दोघांनी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या जागांची मोजदाद केली, तेव्हा निराळीच गोष्ट नजरेस आली. सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन ही पाण्यापासून दूर राहणारी आम्ले जर पृष्ठभागावर आलेली असतील, तर ती ओळखल्या जाणाऱ्या जागेत असण्याचा संभव अधिक असतो. प्रत्येक आम्लास त्यांनी एक अंक दिला. अक्षरमाळेवरून चालत जावे, शेजारच्या अक्षरांची सरासरी काढावी, आणि ती जेथे उंचावेल तेथे खूण करावी, अशी त्यांची रीत. त्यांच्या पडताळ्यात ती शंभरातून सुमारे पंचाहत्तर वेळा बरोबर आली. ही रीत इतकी सोपी होती, की कागद-पेन्सिल घेऊनही ती वापरता यावी. कदाचित म्हणूनच ती जगभर पसरली. आज परदेशी संशोधनसंस्थांच्या संगणकावरील साधनांत ती या दोन मराठी आडनावांनीच ओळखली जाते, आणि 'सी' विषाणूच्या कवचापासून तो असंख्य रोगजंतूंच्या प्रथिनांपर्यंत तिचा उपयोग केला जातो.

येथवर ऐकून कोणास वाटेल, की मग 'सी' काविळीवरील लस आता हाताशी आली असेल. दुर्दैवाने तसे नाही. शंभरातून पंचाहत्तर म्हणजे चारांतील एक अंदाज चुकीचा, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दुसरे असे, की प्रतिपिंडे अनेकदा सलग अक्षरे ओळखत नाहीत. साखळीच्या घड्या पडून दूरदूरची अक्षरे शेजारी येतात, आणि त्या घडीचा आकार ओळखला जातो. पुण्याच्या केंद्राने ही उणीव ओळखून पुढे घडीचाही विचार केला. कोळसकर आणि उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी 1999 साली जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या कवचप्रथिनावर असे काम प्रसिद्ध केले, आणि 2005 साली घडीवरून अशा जागा शोधणारे साधन सर्वांसाठी खुले केले.

तिसरी अडचण सर्वांत बिकट. 'सी' विषाणूचा लेखनिक आपले लिहिलेले तपासून पाहत नाही. प्रत्येक प्रतीत चुका करतो. त्यामुळे त्याचे पाठभेद अमाप. त्याच्या मुख्य शाखा आठ मानल्या जातात. आठवी तर 2018 साली उजेडात आली, तीही कॅनडातील मूळच्या पंजाबी रुग्णांत. याच्या बाह्य कवचाच्या टोकाशी सुमारे 27 अक्षरांचा एक तुकडा आहे. शरीराची यंत्रणा प्रथम तोच पाहते, आणि विषाणू नेमका तोच सतत बदलत राहतो. पहारेकऱ्याने चेहरा ओळखावा, तोवर चोराने दुसरा मुखवटा चढवलेला असतो. एका लसीची चाचणी माणसांवर पूर्ण झाली. तिचा निकाल 2021 साली प्रसिद्ध झाला. संरक्षक यंत्रणा जागी झाली खरी, पण दीर्घकालीन रोग टळला नाही.

म्हणजे एकाच विषाणूच्या बाबतीत या विद्येचा जय आणि तिची मर्यादा ही दोन्ही एकाच सूत्राने समजतात. जी अक्षरे बदलू शकत नाहीत, तेथे औषध सापडले. जी बदलण्यातच विषाणूचे भले आहे, तेथे लस अडली. आज एखाद्या विद्यापीठातील विद्यार्थी एका संध्याकाळी 'सी' विषाणूची प्रथिने संगणकावर घालून संभाव्य लसीची यादी काढू शकतो, आणि तशा याद्या प्रसिद्धही होतात. त्यांचे मोल नाकारू नये. पण यादी म्हणजे लस नव्हे. ज्योतिष्याने वर्तवलेले ग्रहण आकाशात दिसावे लागते, तसे संगणकाचे भाकीत प्रयोगशाळेत उतरावे लागते.

तोवर रुग्णाने काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली जगात सुमारे 5 कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. भारतात सुमारे 55 लाखांच्या. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो, कारण वीस-वीस वर्षे तो यकृतात मुकाट राहतो. कावीळ दिसू लागावी, तोवर यकृत निबर झालेले असते. पूर्वी कधी रक्त घेतलेले, वारंवार सुईने रक्तशुद्धी करून घेणारे, एकच सुई अनेकांना टोचल्याने किंवा अस्वच्छ सुईने गोंदवून घेतल्याने बाधित झालेले, असे हे लोक आहेत. भैरवगढला देऊळ आणि छपाई यांखेरीज तिसरी ओळख आहे ती मध्यवर्ती कारागृहाची. आणि जगात सर्वत्रच बंदिजन हे या रोगाच्या जोखमीच्या गटात मोडतात. आपल्या देशाने 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून या रोगाची चाचणी आणि औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य देण्याची व्यवस्था केली आहे. देवदर्शनास आलेला यात्रेकरू, ठसा उमटवणारा कारागीर आणि गजांआडचा बंदी या तिघांनाही ती एक चाचणी आणि ते तीन महिन्यांचे औषध सारखेच लागू आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या रोगास धड नावही नव्हते, तो आज बरा होतो. मात्र त्यासाठी तो आपल्या रक्तात आहे, हे आधी कळले पाहिजे. विषाणूची साडेनऊ हजार अक्षरे विद्वानांनी वाचून ठेवली आहेत. आपल्या रक्ताच्या तपासणीचा एका ओळीचा कागद वाचण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.